खानदेशच्या वकिलाने आखलेली शीव

५ मे १९५५ रोजी लोकसभेने हिंदू विवाह विधेयक मंजूर केलं. त्याआधी साडेतीन वर्षं, सप्टेंबर १९५१ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. एकसंध कायदा पुढे सरकत नाही हे दिसल्यावर पंडित नेहरूंनी त्याचे भाग पाडले आणि एकेक भाग संसदेपुढे आणायचं ठरवलं. ते भाग लोकसभेत तडीस नेण्याचं काम कायदे खात्याच्या ज्या मंत्र्याकडे आलं, ते जळगावचे खासदार होते. त्यांचं नाव हरि विनायक पाटसकर.

खानदेशाच्या राजकारणाचा इतिहास सांगताना फैजपूरची काँग्रेस येते, साने गुरुजी येतात, चिमठाण्याच्या खजिन्याची लूट येते, प्रतिभाताई पाटील येतात. पाटसकर मात्र येत नाहीत. त्यांच्या नावाने कधी मोर्चा निघाला नाही, साखर कारखाना उभा राहिला नाही, त्यांचा गटही नव्हता. पण देशाच्या नकाशावर आणि घराघरांतल्या वाटण्यांवर त्यांच्या कामाचा ठसा आहे. खानदेशातल्या दुसऱ्या कुणाचाही तो इतका खोल उमटला असेल असं मला वाटत नाही, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात झाला. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात झालं. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिलीसाठी चाळीसगाव निवडलं आणि ते खानदेशाचेच झाले. चाळीसगाव म्हणजे मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं जंक्शन, धुळ्याचा फाटा तिथूनच फुटतो. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाल्यावर धुळे पश्चिमेचं ठाणं झालं आणि चाळीसगाव पूर्व खानदेशात, दोन्ही जिल्ह्यांच्या वाटेवर, राहिलं. कापूस, जिनिंग, सावकारी आणि शेतजमीन यांच्याभोवतीच इथलं सगळं कामकाज फिरायचं.

अशा तालुक्याच्या गावी वकिलाकडे जो पक्षकार येतो, त्याच्या हातात बहुधा जमिनीचा कागद असतो. कुणाचा बांध कोरला गेलेला, कुणाच्या वाटणीत विहीर कुणाच्या हिश्शाला गेली त्याचा वाद, कुणाची विधवा भावजय दिराविरुद्ध उभी. दोन गावांच्या शिवेवरचा दगड हलवला गेल्याची तक्रार असते. या दाव्यांत भाषणाने काही साधत नाही. मोजणीचा नकाशा, सर्व्हे नंबर, गावदप्तरातली नोंद आणि साक्षीपुरावा यांच्यावरच निकाल लागतो. पाटसकरांनी पुढे केलेल्या दोन मोठ्या कामांत मला याच कचेरीची शिस्त दिसते. हे माझं अनुमान आहे, पण ते काम नीट पाहिलं की पटण्यासारखं आहे.

काँग्रेसचं काम वकिलीच्या जोडीने चालूच होतं. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला, नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं. त्या अधिवेशनाने पूर्व खानदेशाचं राजकारण बदलून टाकलं. केळीच्या आणि कपाशीच्या पट्ट्यातली शेतकरी घरं काँग्रेसशी बांधली गेली, आणि दोन महिन्यांनी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत त्याचा परिणाम दिसला. पाटसकर या पिढीचे होते. प्रांताच्या विधिमंडळातून ते घटना परिषदेत पोचले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जळगावातून लोकसभेवर गेले.

तिथे त्यांच्या वाट्याला हिंदू कायदा आला.

विरोध कसा होता ते आज कळणं अवघड आहे. हिंदू महासभेचे एन. सी. चॅटर्जी यांच्यासारखे निष्णात वकील सभागृहात विरोधात उभे होते, आणि काँग्रेसच्या बाकांवरही मनातून नाराज असलेले कमी नव्हते. विवाह हा संस्कार आहे, तो मोडता येत नाही, घटस्फोटाने हिंदू समाज विस्कटेल, असा मुख्य आक्षेप होता. मुंबई प्रांताला हा वाद नवा नव्हता. द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा मुंबईने १९४६ मध्येच केला होता, घटस्फोटाचा १९४७ मध्ये. या कायद्यांनी आभाळ कोसळलेलं नाही हे मुंबईकडच्या सभासदांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खानदेशातल्या कुणालाही सांगावी लागत नाही. संस्कार मोडत नाही हा दंडक मूठभर जातींचा होता. शेतकरी, बलुतेदार, कष्टकरी घरांत काडीमोड होत होती, पाट लागत होते, आणि जातपंचायत त्यावर शिक्का मारत होती. १९५५ च्या कायद्यात कलम २९ आहे. रूढीने मिळालेला काडीमोडीचा हक्क या कायद्यामुळे जात नाही, असं ते सांगतं. कलम २ मधल्या तरतुदीने अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्याकडचे भिल्ल, पावरा, कोकणी यांना, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा लागू होत नाही. सातपुड्यातल्या गावांत लग्नाचे, देज देण्याचे, फारकतीचे रिवाज आपापल्या वाटेने चालू राहिले. शहरातल्या चर्चेत ही कलमं कुणाच्या तोंडी नसतात, पण कायदा मोठ्या समाजाच्या गळी उतरला त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

विवाहापेक्षा वारसाहक्काची लढाई कठीण होती, कारण तिथे जमिनीचा प्रश्न होता. हिंदू वारसा कायदा लोकसभेत मे १९५६ मध्ये मंजूर झाला आणि १७ जूनपासून अमलात आला. मिताक्षर पद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सेदार, मुलीला काही नाही. ती पद्धत मोडावी असं म्हणणारेही होते आणि तिला हात लावू नका असं म्हणणारेही. निघाली ती तडजोड.

ती तडजोड आकड्यांत पाहावी. एका शेतकऱ्याची वडिलोपार्जित १२ एकर जमीन आहे. दोन मुलगे, एक मुलगी, बायको आधीच गेलेली. जुन्या पद्धतीने तो वारला की मुलग्यांना सहा सहा एकर, मुलीला शून्य. १९५६ च्या कायद्याने आधी कागदावर वाटणी झाली असं धरायचं: बाप चार, मुलगे चार चार. मग बापाच्या चार एकरांचे तिघांत सारखे तीन भाग. मुलीच्या हाती आला साधारण एक एकर तेरा गुंठे. मुलग्यांना पाच एकर तेरा गुंठ्यांच्या आसपास. समानता याला म्हणता येत नाही. पण शून्याचं एक एकर तेरा गुंठे झालं, आणि गावच्या दप्तरात मुलीचं नाव वारस म्हणून लागायचा रस्ता उघडला. मुलीलाही जन्मतः हिस्सेदार धरायची पुढची पायरी चढायला महाराष्ट्राला १९९४ उजाडलं, देशाला २००५.

याच कायद्यातलं कलम १४ मला त्याहून मोलाचं वाटतं. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. जी. व्ही. देशमुखांच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला होता, पण तो तिच्या हयातीपुरता. जमीन कसायची, पोट भरायचं. विकायची किंवा गहाण टाकायची म्हटली की दीर-पुतणे दावा ठोकायचे आणि बहुधा जिंकायचे. कलम १४ ने तिच्या ताब्यात असलेली मालमत्ता पूर्ण मालकीची केली, कायद्याआधी ताब्यात आलेलीसुद्धा. एका दिवसात देशभरातल्या असंख्य विधवा हयातीपुरत्या ताब्यातून पूर्ण मालकीत आल्या. विधवा भावजयीचे दावे ज्याने चालवले किंवा जवळून पाहिले, त्या वकिलाला या कलमाचं वजन कळणारच.

खानदेशात आजही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच घरातून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेतली जाते. कायद्याने दिलेलं समाज परत काढून घेतो, हे खरं. पण सही घ्यावी लागते ती हक्क आहे म्हणूनच.

इथपर्यंतच पाटसकरांची कारकीर्द थांबली असती तरी ती मोठी ठरली असती. पण १९५७ ची निवडणूक आली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारून द्वैभाषिक मुंबई राज्य लादल्याचा राग मराठी मुलखात उसळला होता आणि खानदेशाने काँग्रेसला जबर तडाखा दिला. पूर्व खानदेशातून मुंबईचे पारशी वकील नौशीर भरुचा अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. पश्चिम खानदेशातून जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मणराव पाटील निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे देशभरातून फक्त चार खासदार होते आणि त्यांतले एक अटलबिहारी वाजपेयी. त्या चौघांत धुळ्याकडचा एक असावा, ही गोष्ट आजच्या तरुण कार्यकर्त्यांना माहीत नसते. हेच उत्तमराव १९७८ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, त्याच वर्षी पुलोद सरकारात महसूलमंत्री झाले, आणि १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाचे महाराष्ट्रातले पहिले प्रदेशाध्यक्षही. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटणारे डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील वेगळे. दोघांची गल्लत फार होते म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या निवडणुकीनंतर पाटसकर लोकसभेत नव्हते. १४ जून १९५७ रोजी ते मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. राजभवन ही राजकारण्यांच्या निवृत्तीची जागा समजली जाते. पाटसकरांच्या हातून मात्र त्यांचं सर्वांत टिकाऊ काम याच काळात झालं, आणि ते भोपाळपासून फार दूर, तमिळ-तेलुगू सरहद्दीवर.

पोट्टी श्रीरामुलू यांनी डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणात प्राण दिले आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. चित्तूर जिल्हा आंध्रात गेला. त्याच्या दक्षिणेकडच्या भागात तमिळ बोलणारी गावं मोठ्या संख्येने होती, तर मद्रासकडे राहिलेल्या चिंगलपेट आणि सेलम जिल्ह्यांच्या कडेला तेलुगू गावं. म. पो. शिवज्ञानम यांनी उत्तर सीमेचं आंदोलन पेटवलं. त्यांची मागणी तिरुपतीपर्यंत जात होती. इकडे आंध्रातही माणसं चिडलेली. राज्य पुनर्रचना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा एकक धरून सीमा ठरवल्या होत्या. जिल्हे इंग्रजांनी कारभाराच्या सोयीने पाडलेले. त्यांच्या कडा भाषेच्या कडांशी जुळण्याचं काहीच कारण नव्हतं. अखेर दोन्ही राज्यांनी मध्यस्थ मान्य केला, आणि तो पाटसकर.

त्यांनी जिल्हा बाजूला ठेवला आणि तालुकाही. खेडं हा घटक धरला. जनगणनेत गावागावाचे भाषेचे आकडे होते. ज्या गावात ज्या भाषेचे लोक अधिक, ते गाव त्या राज्यात. मात्र ते त्या राज्याच्या हद्दीला सलग लागून असलं पाहिजे. बहुमत म्हणजे शेकडा पन्नासच्या वर असं नाही, इतर भाषांपेक्षा अधिक एवढं पुरे. तीनच कसोट्या. त्यात देवळाचा महिमा नाही, राजघराण्याचा इतिहास नाही, कोणत्या पुढाऱ्याने किती दिवस उपोषण केलं हेही नाही.

या कसोट्यांनी तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांतलं एक. सत्यवेडूकडचा भाग आंध्रात गेला. तिरुपती आंध्रातच राहिलं. दोन्हीकडे नाराजी उरली, पण दोन्ही सरकारांनी निवाडा मानला. संसदेने १९५९ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा लागू झाली. दोन भाषिक राज्यांतला इतका चिघळलेला वाद संमतीने मिटला आणि मिटलेलाच राहिला, अशी उदाहरणं आपल्या देशात फार थोडी.

गावाच्या शिवेवर दोन कुळं भांडतात तेव्हा वकील आधी गावनकाशा मागवतो. पाटसकरांनी राज्यांच्या शिवेवर तेच केलं.

राज्यपालपद सुटल्यावर आसामच्या डोंगरी भागाचा प्रश्न त्यांच्याकडे आला. खासी, जैंतिया, गारो टेकड्यांतल्या लोकांना वेगळं राज्य हवं होतं. कॅप्टन विल्यमसन संगमा यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे पक्ष एकवटले होते. पाटसकर आयोगाने १९६६ मध्ये आसामातच राहून मोठी स्वायत्तता देण्याची शिफारस केली. डोंगरी नेत्यांनी ती झिडकारली, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पुढे २१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय पूर्ण राज्य झालंच. कागदावरच्या नोंदींनी सुटणारा हा तंटाच नव्हता. तिथे माणसं काय मागतात हेच निर्णायक होतं, आणि आयोगाने त्याला द्यायला हवं होतं तेवढं वजन दिलं नाही.

१९६३ मध्ये पाटसकरांना पद्मविभूषण मिळालं. १९६७ मध्ये धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगात गेल्यावर पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद त्यांच्याकडे आलं. २१ फेब्रुवारी १९७० रोजी ते वारले.

त्यांच्या निवाड्याचं आयुष्य मात्र महाराष्ट्रात नव्याने सुरू झालं होतं. बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा या भागांतली ८१४ गावं महाराष्ट्राने मागितली, ती पाटसकर सूत्राच्या आधारे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत. त्याला चौथी जोड लोकेच्छेची. आसामात जे कमी पडलं तेच महाराष्ट्राने इथे पुढे केलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, असं ठरलं. महाराष्ट्राने तो फेटाळला. आयोगाने सगळीकडे एकच कसोटी लावली नाही, हा आक्षेप होता. जो न्याय चित्तूरला लागला तो बेळगावला का नाही, हा प्रश्न महाराष्ट्र आजवर विचारत आला आहे, आणि त्याला सरळ उत्तर मिळालेलं नाही.

पण खानदेशाच्या माणसाने याच सूत्राने आपल्या घराकडेही पाहिलं पाहिजे. तिकडे १ एप्रिल १९६० ला चित्तूरच्या शिवा गावागणिक दुरुस्त झाल्या आणि बरोबर एका महिन्याने, १ मे १९६० ला, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. त्या दिवशी पश्चिम खानदेशातली १५६ गावं गुजरातेत गेली: नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली. डांग त्याआधीच गुजरातेच्या पारड्यात पडलं होतं. उकाई धरणाचं पाणी जिथे साचणार होतं त्या तापीकाठच्या पट्ट्याचा यात मोठा वाटा होता. महाराष्ट्राने मुंबई मिळवली, आणि ही गावं देण्याचा प्रश्न त्या आनंदात फारसा कुणी ताणून धरला नाही.

या गावांत राहत होते ते बहुतांश भिल्ल, गावीत, कोकणी. त्यांच्या बोलींवर गुजरातीने हक्क सांगितला, मराठीनेही सांगितला, आणि त्या बोलींचं स्वतःचं बहुमत कुठल्याच सीमेने मोजलं नाही. उकाईचं धरण १९७२ मध्ये पुरं झालं आणि त्यांतल्या कित्येक गावांच्या शेतांवर पाणी आलं. उच्छल, निझर ही नावं आता गुजरातच्या नकाशावर आहेत. आठवडे बाजाराला आणि सोयरिकीला माणसं अजून दोन्ही बाजूंनी ये-जा करतात.

बेळगावचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तिथे पुन्हा तेच गावागावाचे आकडे आणि तीच सलगता मांडली जाते. पश्चिम खानदेशातल्या १५६ गावांसाठी असा दावा कुणी केलेला नाही.